हॉलसाठी मोठा टीव्ही, तोही बजेटमध्ये: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

चिंचवडच्या आमच्या सोसायटीत कुणी टीव्ही घ्यायला निघालं की आधी आमची बेल वाजते. मी इंजिनिअर नाही आणि माझं दुकानही नाही. शेजारी आणि नातेवाईक धरून वीसेक टीव्हींच्या खरेदीला सोबत गेलोय, त्यात एक मोठी चूक स्वतःच्या पैशांनी केलीय. तेच तेच प्रश्न येतात म्हणून एकदाच लिहून ठेवतो. बजेट साधारण ३० ते ५५ हजार धरलंय.

५५ इंची टीव्ही आमच्या शोकेसमध्ये बसेल का?

बहुतेक सगळे इथेच चुकतात. टीव्हीचे इंच म्हणजे रुंदी नव्हे. पडद्याच्या खालच्या कोपऱ्यापासून समोरच्या वरच्या कोपऱ्यापर्यंतचं तिरपं माप म्हणजे ते इंच. ५५ इंची पडदा आडवा जेमतेम १२२ सेंटिमीटर असतो, कड धरून सव्वाशेच्या आत. उंची ७० सेंटिमीटरच्या आसपास. खोक्यावर '१३९ सेमी' असं छापलेलं असतं, तेही तिरपंच माप. त्यामुळे टेप घेऊन बसणाऱ्यांचा आणखी गोंधळ होतो.

खालच्या मजल्यावरच्या काकांकडे सागवानी शोकेस आहे. मधला कप्पा २१ इंची डब्बा टीव्हीसाठी बनवलेला, पण सुताराने हात सैल सोडल्यामुळे चांगला ऐसपैस. त्यांनी कप्पा मोजला, ५० इंच भरला. लगेच निकाल दिला, "पंचावन्न बसत नाही, पन्नासच घ्यावा लागेल." दुकानात निघायच्या आधी मी वर्तमानपत्राची पानं चिकटवून पंचावन्नच्या मापाचा कागद केला, १२३ बाय ७१, आणि कप्प्यात धरला. दोन्ही बाजूंना पाऊण पाऊण इंच उरलं. काकूंनी तो कागद दोन दिवस तिथेच ठेवला, समोरून येता जाता बघितला, आणि मग होकार दिला. ही कागदाची युक्ती तुम्हीही करा. भिंतीवर लावणार असाल तरी करा, खर्च शून्य.

एक अडचण मात्र कागदाला कळत नाही. हल्लीच्या टीव्हींचे पाय मधोमध नसतात, दोन टोकांना असतात. पंचावन्नच्या पायांमधलं अंतर बहुतेक मॉडेलमध्ये तीन फुटांहून जास्त भरतं, त्यामुळे जुन्या तीन फुटी टेबलावर एक पाय हवेत राहतो. मॉडेलच्या माहितीपत्रकात पायांमधलं अंतर दिलेलं असतं, ते आधी वाचा.

हॉल छोटा आहे, किती इंची घ्यावा?

हॉल किती मोठा, यापेक्षा सोफ्यावर टेकून बसल्यावर डोळ्यांपासून पडदा किती लांब, ते मोजा. साधा हिशोब असा: तिरपं माप गुणिले १.६. म्हणजे ४३ इंचीला पावणेसहा फूट, ५० ला पावणेसात, ५५ ला सव्वासात, ६५ ला पावणेनऊ. दहा फूट रुंदीच्या हॉलमध्ये सोफ्याची पाठ भिंतीला टेकली की डोळे ते पडदा साडेसात-आठ फूट उरतात. म्हणजे अशा घराला पंचावन्न अगदी चपखल बसतो.

४३ आणि ५५ मध्ये फरक बारा इंचांचा वाटतो, पण पडद्याचं क्षेत्रफळ जवळजवळ ६४ टक्क्यांनी वाढतं. "मोठा घेतला, चुकलं" असं म्हणणारं मला आजवर कुणी भेटलं नाही. "एक साइज वर घ्यायला हवा होता" असं म्हणणारे बरेच भेटले.

इतक्या जवळून मुलांचे डोळे खराब होतील?

जवळून बघितल्याने डोळे कायमचे बिघडत नाहीत, थकतात. त्रास होतो तो काळोख्या खोलीत पूर्ण ब्राइटनेसवर बघितल्याने. मागे एक मंद दिवा चालू ठेवा.

पैसे किती धरायचे?

४के (म्हणजे जास्त बारीक ठिपक्यांच्या पडद्याचा) पंचावन्न इंची टीव्ही आज नव्या किंवा कमी माहितीच्या ब्रँडचा ३० हजारांच्या आसपास, आणि जुन्याजाणत्या ब्रँडचा ४० ते ५० हजारांत मिळतो. ६५ इंचीसाठी यात पंधरा-वीस हजार वाढवा.

२२ सप्टेंबर २०२५ पासून ३२ इंचांहून मोठ्या टीव्हींवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आला. कराआधी ४० हजारांचा टीव्ही पूर्वी ५१,२०० ला पडायचा, आता ४७,२००. म्हणजे चार हजार वाचले. कुणी "गेल्या वर्षी ह्याचीच किंमत एवढी होती, बघा किती उतरवली" असं म्हणून भाव सांगत असेल, तर ही सूट दुकानदाराची की सरकारची, ते मनात ताडून बघा.

आणि टीव्हीची किंमत म्हणजे पूर्ण खर्च नव्हे. भिंतीचं ब्रॅकेट, बसवण्याची मजुरी, एचडीएमआय केबल, चांगला स्पाइक गार्ड, जमल्यास साउंडबार, हे सगळं धरून सात ते दहा हजार बाजूला ठेवा. ५० हजार हातात असतील तर ४२ चा टीव्ही बघा.

एलईडी, क्यूएलईडी, मिनी एलईडी, ओएलईडी... घ्यायचं काय?

पहिले तिन्ही मुळात एकच, एलसीडी पडदा आणि त्याच्या मागे दिवे. क्यूएलईडीमध्ये दिव्यांपुढे क्वांटम डॉट्सचा थर असतो, त्याने रंग अधिक शुद्ध येतात. (हे डॉट्स शोधणाऱ्या आणि घडवणाऱ्या तिघांना २०२३ चं रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं, त्यामुळे प्रकार खोटा नाही.) मिनी एलईडीमध्ये मागचे दिवे बारीक आणि पुष्कळ असतात. गटागटाने कमीजास्त होतात, म्हणून काळं जरा काळं दिसतं. ओएलईडीचा मामलाच वेगळा. तिथे प्रत्येक पिक्सेल स्वतः उजळतो आणि स्वतः विझतो. चित्र अप्रतिम, पण आपल्या बजेटात तो बसत नाही. शिवाय दिवसभर एकच बातम्यांचं चॅनेल लावणाऱ्या घरात खालच्या पट्टीचा डाग पडद्यावर कायमचा उमटण्याची धास्ती राहते.

माझं मत विचाराल तर क्यूएलईडीच्या स्टिकरसाठी दोन-तीन हजार जास्त द्यायला हरकत नाही, आठ-दहा हजार देऊ नका. पडदा मुळात मंद असेल तर त्याच्यावर कितीही डॉट्स लावले तरी दुपारी खिडकी उघडी असताना ते चित्र फिकंच दिसणार. त्याऐवजी ब्राइटनेस विचारा, तो 'निट्स'मध्ये सांगतात. बजेटातले बरेचसे टीव्ही २५० ते ३५० निट्सचे असतात. समोर बाल्कनीचा सरकता दरवाजा असेल तर यातल्या वरच्या टोकाचा घ्या. सेल्समनला आकडा सांगता येत नसेल तर कंपनीच्या साइटवर शोधा. तिथेही नसेल, तर तो सांगण्यासारखा नाही असं समजा.

दुकानात सगळेच भारी दिसतात. कसं ओळखायचं?

दुकानातला टीव्ही नटवलेला असतो. 'व्हिव्हिड' किंवा शोरूम मोड, ब्राइटनेस शंभरावर, आणि चालू काय तर पोपट, ऑर्किड आणि कापलेली लिंबं. तुमच्या घरी कोण लिंबं बघतं?

मी पेनड्राइव्ह नेतो. त्यात तीन गोष्टी: रात्रीच्या प्रसंगाचा एक व्हिडिओ, क्रिकेटची थोडी क्लिप, आणि घरच्या गणपतीतला मोबाइलवर काढलेला आरतीचा व्हिडिओ. आरतीचा का, तर त्यात समईचा उजेड, माणसांचे चेहरे आणि मागचा अंधार हे सगळं एकत्र असतं. शिवाय चेहरे ओळखीचे, त्यामुळे कातडीचा रंग चुकला की लगेच कळतं. एका टीव्हीवर माझी आत्या चक्क हळद लागल्यासारखी दिसत होती. तो तिथेच बाद केला.

सेल्समनला चित्र 'स्टँडर्ड' किंवा 'होम' मोडवर आणायला सांगा. रात्रीच्या प्रसंगात काळं काळं दिसतं की राखाडी, ते बघा. क्रिकेटमध्ये चेंडूमागे शेपूट दिसते का, बघा. मग बाजूला सरका, अगदी कोनात उभे राहा, आणि खाली वाकूनही बघा. पॅनेल म्हणजे मुख्य पडदा, त्याचे दोन प्रकार. 'व्हीए' पॅनेल समोरून गडद आणि छान दिसतं, पण बाजूने धुतल्यासारखं होतं. 'आयपीएस' पॅनेल बाजूनेही बरं दिसतं, पण त्याचं काळं तितकं काळं नसतं. घरात दोघंच समोर बसून बघत असाल तर व्हीए. मॅचला दहा जण जमतात, निम्मे गादीवर आणि दोघं स्वयंपाकघराच्या दारात उभे, अशी परिस्थिती असेल तर आयपीएस.

एचडीआर १०, डॉल्बी व्हिजन, १२० हर्ट्झ, एवढे स्टिकर. पाहिजेत का?

एचडीआर म्हणजे उजेड आणि अंधार यांतला फरक जास्त ठळक दाखवणारं चित्र, एचडीआर १० आणि डॉल्बी व्हिजन हे त्याचेच प्रकार. त्याचा स्टिकर म्हणजे टीव्हीला तो सिग्नल कळतो, एवढंच. दाखवण्याइतका उजेड पडद्यात आहे की नाही, हा वेगळा प्रश्न, आणि ३०० निट्समध्ये तो नसतो. हर्ट्झ म्हणजे पडदा सेकंदाला किती वेळा चित्र बदलतो तो आकडा. १२० हर्ट्झ हवं कुणाला, तर ज्याच्याकडे नवा गेमिंग कन्सोल आहे त्याला. बाकीच्यांना ६० पुरे.

नवा ४के टीव्ही लावला, पण आईच्या मालिका धूसर दिसतात. टीव्ही खराब आहे का?

नाही. साध्या एसडी चॅनेलचं चित्र ७२० बाय ५७६ पिक्सेलचं असतं. ४के पडदा ३८४० बाय २१६०. गुणाकार करून बघा, बरोबर वीसपट भरतो. म्हणजे एका ठिपक्याचे वीस ठिपके करून टीव्हीला ते चित्र भरायचं असतं. जुन्या २१ इंचीवर जे चांगलं दिसायचं ते इथे पिठूळ दिसणारच.

उपाय टीव्हीत नाही, डीटीएचच्या पॅकमध्ये आहे. झी मराठी, स्टार प्रवाह, कलर्स मराठी यांची एचडी चॅनेल्स आहेत. सेट टॉप बॉक्सही एचडी हवा, आणि तो एचडीएमआय केबलनेच जोडलेला हवा. लाल-पांढरी-पिवळी पिन लावून "एचडी दिसत नाही" म्हणणारी तीन घरं मी स्वतः बघितली आहेत. गावी डीडी फ्री डिश असेल तर महिन्याचं भाडं नाही हा मोठा फायदा, पण मोठ्या पडद्यावर त्याची बरीचशी चॅनेल्स अशीच दिसतील, हे धरून चाला.

ओटीटी ४केमध्ये बघायला काय लागतं?

टीव्हीएवढाच प्लॅनही लागतो. नेटफ्लिक्सचा मोबाइल प्लॅन टीव्हीवर चालतच नाही, आणि ४के फक्त त्यांच्या सर्वांत महागड्या प्रीमियम प्लॅनमध्ये. इंटरनेटचा वेग टीव्हीपर्यंत १५ एमबीपीएस तरी पोहोचायला हवा. राउटर बेडरूममध्ये आणि टीव्ही दोन भिंतींपलीकडे असेल तर लॅन केबल टाकून घ्या. ४केला तासाला सात जीबीपर्यंत डेटा जातो, म्हणून मोबाइलच्या हॉटस्पॉटवर हा नाद करू नका.

गूगल टीव्ही, वेबओएस, टायझेन, फायर टीव्ही यांत चांगलं कोणतं?

सगळी ठीक. गूगल टीव्हीवर ॲप जास्त. एलजीचं वेबओएस आणि सॅमसंगचं टायझेन कमी रॅमवरही बऱ्यापैकी हलकं चालतं. गूगल टीव्ही घेताना २ जीबी रॅम आणि १६ जीबी स्टोअरेज, त्याखाली नको. 'अँड्रॉइड' म्हणून विकला जाणारा पण गूगलचं प्रमाणपत्र नसलेला टीव्ही दिसला तर रिमोटवर आणि मेनूत प्ले स्टोअर, नेटफ्लिक्स खरोखर आहेत का ते चालवून बघा.

पण यावर फार रात्री जागवू नका. चार वर्षांनी सगळ्याच सिस्टीम रेंगाळतात. तेव्हा चार-पाच हजारांची स्ट्रीमिंग स्टिक मागे खोचली की टीव्ही पुन्हा तरुण. पडदा मात्र असा बदलता येत नाही, म्हणून पैसे पडद्यावर लावा.

ब्रँड कुठला घ्यावा?

नावापेक्षा मागे कोण उभं आहे, ते बघा. कोडॅक, थॉमसन, ब्लॉपुंक्ट ही नावं परदेशी, पण भारतात या तिन्ही नावांचे टीव्ही परवाना घेऊन एकच भारतीय कंपनी बनवते, सुपर प्लास्ट्रॉनिक्स. एसरचे टीव्ही इंडकल नावाची कंपनी आणते. तोशिबाचा टीव्हीचा धंदा २०१८ मध्ये चिनी हायसेन्सने घेतला. यात लपवाछपवी काही नाही आणि हे टीव्ही वाईटही नाहीत, पण 'जर्मन', 'जपानी' म्हणून कुणी पाच हजार जास्त मागत असेल तर हसून सोडून द्या. उलट कोरियन एलजीचे टीव्ही आमच्या शेजारी रांजणगावच्या कारखान्यात बनतात.

आता माझी चूक. काही वर्षांपूर्वी ऑनलाइन सेलमध्ये एका नव्या ब्रँडचा टीव्ही फार स्वस्तात घेतला. चित्र उत्तम. तेराव्या महिन्यात पडद्यावर उभी रेघ आली, मग दोन. हेल्पलाइनवाले गोड बोलायचे, माणूस मात्र कधी आला नाही. शेवटी एक खाजगी मेकॅनिक आला. त्याने मागचं झाकण उघडलं, आत पाहिलं आणि म्हणाला, "साहेब, पॅनेल मिळेल, पण त्या पैशात नवा टीव्ही येईल." पॅनेल म्हणजेच जवळजवळ सगळा टीव्ही, हे मला तेव्हा कळलं.

म्हणून आता नियम सोपा: घ्यायच्या आधी त्या ब्रँडचं सर्व्हिस सेंटर तुमच्या पिनकोडला आहे का ते तपासा, आणि तिथे फोन लावून "पंचावन्नचं पॅनेल बदलायचं झालं तर किती आणि किती दिवस?" असं विचारा. पुण्या-मुंबईत सगळेच येतात. तालुक्याच्या गावी येणारे दोन-तीनच उरतात, तुमची यादी तिथेच छोटी होते.

ऑनलाइन की दुकानातून?

शहरात, नावाजलेला ब्रँड, किमतीत खरोखर तीन-चार हजारांचा फरक असेल तर ऑनलाइन. 'ओपन बॉक्स' डिलिव्हरी घ्या, म्हणजे पोचवणाऱ्यासमोर खोकं उघडून चालू करून बघता येतं. खोकं फुटल्यापासून पडदा उजळेपर्यंत मोबाइलवर सलग शूटिंग करा. खोक्यावरचा आणि टीव्हीच्या पाठीवरचा सीरियल नंबर बिलाशी जुळवा. टीव्ही आडवा पडून आला असेल तर तिथेच नोंद करा, तो उभाच आणायचा असतो.

गावी किंवा आईवडील एकटे राहत असतील तर दुकान बरं. दोन हजार जास्त गेले तरी एक ओळखीचा माणूस राहतो, ज्याला रात्री नऊला फोन करता येतो. ऑनलाइनचा भाव दाखवून घासाघीस मात्र जरूर करा. दुकानदारांना सवय असते, राग येत नाही.

६५ किंवा ७५ इंची घेणार असाल तर लिफ्ट आणि जिन्याचं वळण मोजा. पंचाहत्तरचं खोकं सहा फूट लांब असतं.

पाडव्याला घ्यावा की दिवाळीला थांबावं?

मुहूर्ताला घ्यायचा तर घ्या, त्यात आनंद आहे. फक्त ज्या दिवशी सगळं गाव घेतं त्या दिवशी बसवायला माणूस मिळत नाही. दसऱ्याला आणलेला एक टीव्ही आमच्याकडे पाच दिवस खोक्यात बसून होता. मोठ्या सवलती दसरा-दिवाळीच्या आधीच्या ऑनलाइन सेलमध्ये, आणि २६ जानेवारी, १५ ऑगस्टच्या आसपास लागतात. नवी मॉडेल्स साधारण उन्हाळ्यात बाजारात येतात, तेव्हा गेल्या वर्षीचं तेच मॉडेल स्वस्तात निघतं. बजेटवाल्यांनी याच्यावर डोळा ठेवावा. एका वर्षात टीव्हीच्या चित्रात डोळ्यांना जाणवेल असा बदल बहुधा होत नाही.

नो कॉस्ट ईएमआय खरंच फुकट असतो का?

रिझर्व्ह बँकेने २०१३ मध्येच बँकांना बजावलं होतं की शून्य टक्के व्याज अशी गोष्ट नसते. व्याज असतंच, विक्रेता तेवढी सूट आधी देऊन ते झाकतो. उदाहरण घ्या: ४८ हजारांचा टीव्ही, बारा हप्ते, महिना चार हजार. बँकेचा दर १५ टक्के धरला तर यातले सुमारे ३,७०० व्याजाचे. त्या व्याजावर १८ टक्के जीएसटी, म्हणजे साडेसहाशेच्या वर, तो तुमच्या खिशातून. प्रोसेसिंग फी दोनशेच्या आसपास आणि तिच्यावरही कर. एकूण नऊशे रुपये. नऊशेसाठी वर्षभराची मुदत मिळते, हे वाईट नाही. पण रोखीने किंवा पूर्ण पैसे कार्डावर भरल्यास किती सूट आहे, तेही विचारा. ती तीन हजार असेल तर हा ईएमआय तुम्हाला एकोणचाळीसशेला पडला.

आवाज बारीक येतो, संवाद कळत नाहीत.

पातळ टीव्हीचे स्पीकर खाली तोंड करून असतात, आवाज जमिनीवर आपटून येतो. आधी सेटिंगमध्ये 'क्लिअर व्हॉइस' किंवा तशा नावाचा पर्याय चालू करा. तरी भागलं नाही तर पाच-सात हजारांचा साधा साउंडबार घ्या आणि टीव्हीच्या 'एआरसी' लिहिलेल्या एचडीएमआयमध्ये लावा. मग एकाच रिमोटवर काम होतं. घरात वयस्कर माणसं असतील तर मी पाच इंच कमी घेऊन साउंडबार घ्या असंही सांगतो. मोठं दिसण्यापेक्षा स्पष्ट ऐकू येणं त्यांना जास्त हवं असतं.

भिंतीवर किती उंचीवर लावायचा?

तुम्हाला वाटतं त्याच्या खाली. सोफ्यावर बसल्यावर डोळे जमिनीपासून साडेतीन फुटांवर असतात, पडद्याचा मध्य तिथे यायला हवा. म्हणजे पंचावन्नची खालची कड जमिनीपासून सव्वादोन फुटांवर. बसवायला आलेला मुलगा उभा राहून भिंतीवर खूण करतो, आणि मग घरभर लोक मान वर करून बघतात, सलूनच्या खुर्चीत बसल्यासारखे. तुम्ही सोफ्यावर बसा, त्याला कागद धरायला सांगा, आणि खूण तुम्ही सांगाल तिथे करायला लावा.

नव्या इमारतींत भिंती हलक्या पांढऱ्या ब्लॉकच्या असतात. तिथे साधा प्लास्टिकचा गट्टू काही महिन्यांत सैल होतो. "ब्लॉकची भिंत आहे" हे आधीच सांगा, त्यासाठी वेगळे, लांब गट्टू मिळतात. नुसत्या पीओपी किंवा जिप्समच्या पार्टिशनवर लावायचा असेल तर मागे प्लायवुड घ्या. जुन्या विटांच्या भिंतीला काही करावं लागत नाही.

स्टॅबिलायझर लागतो का? कोकणात विजा फार.

टीव्हीच्या पाठीवर बहुधा १०० ते २४० व्होल्ट लिहिलेलं असतं. व्होल्टेज कमी झाल्याने त्याला फारसं काही होत नाही, मारतो तो अचानक आलेला झटका. त्यामुळे स्टॅबिलायझरपेक्षा चांगला सर्ज प्रोटेक्टर आणि मुख्य म्हणजे व्यवस्थित अर्थिंग. गुहागरजवळ आमच्या मामाकडे जूनच्या पहिल्या गडगडाटाला टीव्हीचा प्लग काढतात, पण एका वर्षी डिशची केबल तशीच राहिली. वीज छपरावरून त्या केबलने आत आली, बॉक्स आणि टीव्हीचं एचडीएमआय दोन्ही गेलं. प्लगबरोबर केबलही काढा.

दुसरा शत्रू पाल. टीव्हीची पाठ उबदार असते, फटीतून ती आत शिरते आणि बोर्डावर चिकटून मरते, जाताना बोर्ड घेऊन जाते. हे वॉरंटीत बसत नाही. मामाने पाठीच्या फटींवर मच्छरदाणीचा तुकडा हवा खेळेल असा सैल लावलाय, तेव्हापासून दोन पावसाळे निभावले.

वीजबिल किती वाढेल?

पंचावन्न इंची टीव्ही साधारण १२० वॉट खातो. रोज पाच तास म्हणजे महिन्याला १८ युनिट. युनिटला दहा रुपये धरले तर १८० रुपये. फ्रीज आणि गीझरपुढे हे किरकोळ आहे.

वाढीव वॉरंटी घ्यावी का? आणि कंपनीने टोलवाटोलवी केली तर?

पॅनेल धरून असेल आणि कंपनीचीच असेल तर घ्या. दुकानदाराच्या भागीदार विमावाल्याची असेल तर आधी अटी वाचा, 'उभी रेघ' हा शब्द त्यात कुठे बसतो ते बघा. तक्रार लेखी करा, नंबर घ्या. आठवडाभरात हालचाल नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५. तिथून नुसता नंबर गेला तरी कंपन्या फोन करायला लागतात. त्यानेही जमलं नाही तर जिल्हा ग्राहक आयोग. २०१९ च्या कायद्याने तक्रार तुम्ही राहता त्या जिल्ह्यात करता येते, वकील सक्तीचा नाही, आणि पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला फी नाही.

टीव्हीऐवजी प्रोजेक्टर?

दिवसा पडदे लावून बसायची तयारी असेल तर. नसेल तर नाही.

घरी आल्यावर पहिल्या दिवशी काय करायचं?

पिक्चर मोड 'व्हिव्हिड' वरून 'सिनेमा' किंवा 'फिल्ममेकर' वर न्या. दोन दिवस पिवळट वाटेल, मग आधीचंच निळं वाटायला लागेल. 'मोशन स्मूदिंग' किंवा 'एमईएमसी' मॅचसाठी ठेवा, सिनेमासाठी बंद करा. नाहीतर जुना मराठी चित्रपटही मालिकेसारखा गुळगुळीत दिसतो. तुम्ही काय बघता त्याची नोंद ठेवणारा पर्याय प्रायव्हसीत असतो, तो बंद करा. पडदा काच पुसायच्या निळ्या स्प्रेने पुसू नका, चष्म्याचं कोरडं मऊ कापड पुरे. एकदम पांढरं आणि एकदम काळं चित्र लावून मेलेले पिक्सेल शोधा, आणि खोकं किमान पंधरा दिवस माळ्यावर टाका.

जुन्या डब्बा टीव्हीचं काय करू?

एक्स्चेंजमध्ये त्याचे काहीशेच रुपये धरतात, पण घेऊन जातात हे महत्त्वाचं. भंगारवाल्याला देऊ नका, कारण तो आतल्या तांब्यासाठी नळी फोडतो आणि त्या काचेत शिसं असतं. अधिकृत ई-कचरा घेणारे शहरात आहेत, कित्येक सोसायट्या वर्षातून एकदा त्यांना बोलावतात. आमच्या काकांनी त्यांचा २१ इंची पुढच्या फेरीसाठी जिन्याखाली ठेवलाय, वर चादर टाकून. परवा लाइट गेली तेव्हा कुणीतरी त्याच्यावर मेणबत्ती लावली होती.